बडोद्याच्या सीमा : महाल, प्रांत आणि मतदारसंघ

गायकवाडांचे बडोदे संस्थान सलग कधीच नव्हते. उत्तरेला कडी (पुढे मेहसाणा), मध्ये बडोदे, दक्षिणेला नवसारी आणि काठेवाडात अमरेली असे चार प्रांत. अधेमधे अहमदाबाद, खेडा, भडोच, सुरत हे इंग्रजी जिल्हे आणि लहानमोठी संस्थाने. द्वारकेजवळचे ओखामंडळ तर पार पश्चिम टोकाला. या तुटकपणाचे कारण डोंगर-नद्यांत सापडत नाही, ते महसुलाच्या वाटणीत आहे.

गुजरातेतला मराठी अंमल चौथ-सरदेशमुखीच्या हक्कांतून वाढला. १७५२-५३ च्या सुमारास पेशवे आणि दमाजीराव गायकवाड यांच्यात गुजरातची निम्मेनिम वाटणी झाली. ती जमिनीवर रेघ ओढून केलेली नव्हती. उत्पन्नाचा मेळ घालत परगणे दोन्हीकडे वाटले गेले, आणि अहमदाबाद शहरातही दोघांचा हिस्सा राहिला. पेशव्यांचा वाटा पुढे इंग्रजांकडे गेला तेव्हा हिशेबातली ही वाटणी दोन सरकारांची सरहद्द होऊन बसली. १८१७ मध्ये काही अदलाबदल झाली: अहमदाबादेतला गायकवाडांचा हिस्सा कंपनीने घेतला, डभोई व सावली बडोद्याकडे आली, ओखामंडळही त्याच सुमारास मिळाले. तरी गुंता सुटला नाही. बडोद्याहून नवसारीला जाणाऱ्या अंमलदाराला इंग्रजी हद्द ओलांडूनच जावे लागे. अशा मुलखात एकसारखा कारभार बसवणे किती कठीण होते, हे सयाजीराव महाराजांच्या सुधारणांची थोरवी सांगताना बहुधा विसरले जाते.

प्रांतावर सुभा, महालावर (म्हणजे तालुक्यावर) वहिवाटदार, खाली गाव, अशी कारभाराची उतरंड होती. तिसऱ्या सयाजीरावांच्या काळात (१८७५–१९३९) याच सीमांवर स्थानिक स्वराज्य उभे राहिले: ग्रामपंचायती, महाल पंचायती, प्रांत पंचायती. १९०८ मध्ये धारासभा, म्हणजे कायदेमंडळ, स्थापन झाले. प्रतिनिधित्वाचा सांगाडा असा जुन्या महसुली विभागांवरच बसवला गेला, हे या विषयातले सर्वांत महत्त्वाचे सूत्र होय.

१ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि प्रांत पांगले. मेहसाणा व अमरेली स्वतंत्र जिल्हे झाले, नवसारीचा भाग सुरत जिल्ह्यात गेला. बडोदे प्रांताला छोटाउदेपूरसारखी शेजारची संस्थाने जोडून नवा जिल्हा आखला गेला. त्यातूनच २०१३ मध्ये छोटाउदेपूर जिल्हा पुन्हा वेगळा निघाला. शहराची महानगरपालिका १९५० ची.

लोकसभेसाठी बडोदे मतदारसंघातून फत्तेसिंहराव गायकवाड १९५७ व १९६२ मध्ये निवडून आले. २००१ च्या जनगणनेवर आधारलेल्या पुनर्रचनेनंतर, २००९ पासून, मतदारसंघाचे नाव वडोदरा झाले. त्यात सावली, वाघोडिया, वडोदरा शहर (अनुसूचित जातींसाठी राखीव), सयाजीगंज, अकोटा, रावपुरा आणि मांजलपूर हे सात विधानसभा मतदारसंघ येतात. मराठी घराण्यांच्या जुन्या वस्तीचा रावपुरा आजही आपल्या नावाने आमदार निवडतो. जिल्ह्याच्या सीमा मात्र इथे लागू पडत नाहीत: वडोदरा जिल्ह्यातले डभोई आणि पादरा छोटाउदेपूरच्या राखीव लोकसभा मतदारसंघात मोडतात, तर करजण भडोचच्या. १८१७ मध्ये एकत्र बडोद्याकडे आलेल्या डभोई आणि सावली आज दोन वेगळे खासदार निवडतात.