जोशुआ ट्री, नेरूळ आणि बत्तीस वर्षांचा हिशोब

१५ डिसेंबर २०१९, रविवार. नवी मुंबईतल्या नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर यू टू या आयरिश रॉक बँडनं ‘द जोशुआ ट्री’ हा आपला जुना अल्बम अख्खा वाजवला, पहिल्या गाण्यापासून अकराव्यापर्यंत, आणि सांगलीतनं आम्ही चौघं त्याला गेलो होतो. तेव्हापासून एक प्रश्न सारखा येतोय, घरी, कट्ट्यावर, कामाच्या ठिकाणी, की अल्बम आला ९ मार्च १९८७ ला, मग डिसेंबर २०१९ ला ही कसली अ‍ॅनिव्हर्सरी? बत्तिसावी कोण साजरी करतं? प्रश्न बरोबर आहे आणि एका वाक्यात उत्तर देता येत नाही, म्हणून मागचं सगळं एकदा नीट लिहून काढतोय. बँड कुठला, अल्बम कसा झाला, वाळवंटातला तो फोटो, ग्रॅमी, हे वाचणाऱ्यांना पाठच असणार, त्यात जात नाही.

पूर्ण अल्बम स्टेजवर वाजवायची पद्धत तशी जुनी. सत्तरच्या दशकात काही ब्रिटिश बँड सलग वाजवायचे, पण तो नवा अल्बम असायचा, लोकांच्या कानावर घालायला. जुना, लोकांना तोंडपाठ असलेला अल्बम त्याच क्रमानं परत वाजवायचा आणि त्याला तिकीट लावायचं हे वाढलं ते २००० नंतर. त्या वर्षी १९६६ चा एक अमेरिकन अल्बम त्याच्या कर्त्यानं ऑर्केस्ट्रा घेऊन ठिकठिकाणी वाजवला, २००५ ला लंडनमधल्या एका आयोजकांनी तर अशा कार्यक्रमांची मालिकाच काढली. कारण सरळ आहे, इंटरनेटवरनं गाणी फुकट मिळायला लागली, सीडी खपेनाशी झाली आणि बँडची कमाई दौऱ्यांवर आली. मुंबईतही २००७ च्या फेब्रुवारीत असा एक कार्यक्रम झाला, १९७३ चा अल्बम, मूळ बँडमधला एकच माणूस. मला तेव्हा रजा मिळाली नाही, ते अजून सलतंय.

आता खरा गुंता, शब्दाचा. अ‍ॅनिव्हर्सरीला मराठीत काय म्हणायचं? माणसाचा वाढदिवस, लग्नाचाही वाढदिवस, संस्थेचा वर्धापनदिन, गेलेल्या माणसाची पुण्यतिथी. अल्बम यातलं काहीच नाही. पंचवीसला रौप्य, पन्नासला सुवर्ण, साठला हीरक, पंचाहत्तरला अमृत, पण तिसाला रुळलेला शब्द नाही. तपानं मोजायचं तर बारा, चोवीस, छत्तीस, तिथंही तीस बसत नाही आणि बत्तीस तर नाहीच. त्यात महोत्सव म्हटला की वर्षंच मोजायची असंही आपल्याकडं नाही. सिनेमाचा रौप्यमहोत्सव म्हणजे पंचवीस आठवडे, पंचवीस वर्षं नव्हे. आणि सांगलीत तर, जिथं १८४३ ला मराठीतलं पहिलं नाटक उभं राहिलं, तिथं प्रयोग मोजायची सवय, शंभरावा, पाचशेवा, हजारावा, नाटक कुठल्या साली आलं हे विचारलं तर चटकन सांगता येत नाही पण कितवा प्रयोग ते बरोबर ठाऊक असतं. म्हणजे नाटकाचं मोजमाप प्रयोगात, सिनेमाचं आठवड्यात आणि अल्बमचं वर्षात, तिन्हीला आपण एकच महोत्सव शब्द लावतो आणि मग वाद होतात.

बँडनं स्वतः काय म्हटलं तेही बघा. २००७ ला अल्बमची नव्यानं साफ केलेली आवृत्ती निघाली, वीस वर्षांच्या नावानं, पण मार्चमध्ये नाही, नोव्हेंबरमध्ये. २०१७ चा दौरा तीस वर्षांच्या निमित्तानं जाहीर झाला आणि तो १२ मे ला कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये सुरू झाला. २०१९ ला दौरा ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि आशियात आला तेव्हा नाव नुसतं ‘द जोशुआ ट्री टूर २०१९’, त्यात अ‍ॅनिव्हर्सरी शब्दच नाही. तारीख कधीच पाळली गेलेली नाही, २००७ आणि २०१७ ला वर्ष तरी जुळलं, २०१९ ला तेही नाही. त्यामुळं नेरूळच्या कार्यक्रमाला वर्धापनदिन म्हणणं चूक आहे हे मी मान्य करतो.

पण मग म्हणायचं काय? मला विचाराल तर शब्द मिरजेत आहे, सांगलीपासून दहा किलोमीटरवर. ज्या गावात सतार आणि तंबोरे बनतात, ज्यांना २०२४ ला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच मिरजेच्या दर्ग्यात उरुसाला संगीत सभा होते. किराणा घराण्याचे मोठे गायक अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ ला गेले, त्यांच्या आठवणीत गाणारे-वाजवणारे लांबनं येतात, झाडाखाली बसतात आणि हजेरी लावतात. हजेरी, हाच शब्द. कितवं वर्ष हे तिथं कोणी आधी विचारत नाही, कोण आलं आणि काय गायलं हे विचारतात. बँडनं जुन्या अल्बमपुढं येऊन उभं राहणं आणि तो आहे तसा, त्याच क्रमानं म्हणणं ही हजेरी आहे, आणि हजेरीला बत्तिसावं वर्ष चालतं. हे माझं मत, सगळ्यांना पटेल असं नाही, आमच्या चौघांतल्या एकाला अजून पटलेलं नाही.

क्रमाचं सांगितलं पाहिजे कारण सगळा कार्यक्रम त्याच्यावर उभा आहे. अल्बमचा क्रम बँडनं लावलेला नाही. पहिलं गाणं कुठलं आणि शेवटचं कुठलं एवढं त्यांनी ठरवलं, मधली सगळी गाणी एका गायिकेला, जिचा नवरा त्या रेकॉर्डिंगवर काम करत होता, तिला आवडतील तशी लावायला सांगितली. तिनं लावली ती आजतागायत तशीच. त्यामुळं झालंय काय की जी तीन गाणी जगाला माहिती आहेत ती ओळीनं पहिली तीन, आणि रेकॉर्डची दुसरी बाजू, म्हणजे सहाव्या गाण्यापासून पुढची, शांत, अवघड. साध्या कार्यक्रमात बँड हिट गाणी शेवटाला राखून ठेवतो, इथं ती मधेच होऊन जातात. दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं, ब्रिटनमधल्या खाण कामगारांच्या १९८४ च्या संपावरचं, ते तर तीस वर्षांत एकदाही स्टेजवर वाजलेलं नव्हतं, २०१७ ला पहिल्यांदा वाजलं. नुसती हिट गाणी वाजवून पैसे करायचे असते तर हे केलं नसतं.

२०१७ ला टीका झाली ती मी विसरलेलो नाही. नवीन अल्बम तयार होत आला होता तो थांबवून जुना घेऊन निघाले, म्हणजे आठवणी विकायला निघाले असं लिहिलं गेलं. बँडचं म्हणणं असं की अमेरिकेतली २०१६ ची निवडणूक झाली आणि १९८६-८७ ला अमेरिकेबद्दल जे लिहिलं होतं ते परत आजचं वाटायला लागलं. दोन्ही खरं असेल. त्या वर्षी २७ लाखांच्या वर तिकिटं गेली, त्यामुळं पैसा नव्हता असं कोणीच म्हणणार नाही. पण माझ्या लेखी त्या निर्णयाचा हिशोब वेगळा आहे, तो झाला नसता तर २०१९ चा दौरा नसता, आणि तो नसता तर हा बँड भारतात तेव्हा आलाच नसता. नेरूळचा कार्यक्रम त्यांचा भारतातला पहिला, आणि त्या दौऱ्याचा शेवटचा.

आता सांगलीकडं. १९८७ ला हा अल्बम आला तेव्हा इथं त्याचा पत्ता कोणालाच नव्हता, निदान माझ्या ओळखीत. तो आला कॅसेटवरनं, नव्वदच्या दशकात, विश्रामबागच्या इंजिनिअरिंगच्या आणि मिरजेच्या मेडिकलच्या हॉस्टेलवर बाहेरगावची पोरं असायची, त्यांच्या बॅगेतनं. एकाकडं ओरिजिनल, बाकीच्यांनी भरून घ्यायची. कॅसेट भरून देणारी दुकानं होती, कोरी कॅसेट आणि भरायचे पैसे दिले की दोन दिवसांनी तयार. साठची कॅसेट म्हणजे तीस-तीस मिनिटं, नव्वदची म्हणजे पंचेचाळीस-पंचेचाळीस. अल्बम पन्नास मिनिटांचा. साठच्या कॅसेटवर दोन बाजूंना विभागून व्यवस्थित बसला असता. पण नव्वदच्या एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दुसरा असे दोन अल्बम भरून घेतले की स्वस्तात पडायचं, म्हणून सगळे नव्वदची घ्यायचे, मीही घेतली. दुकानातल्या काकांना विचारलेलं मला आठवतंय, काका पूर्ण बसेल का, तर म्हणाले, ‘बसतंय की, काय काळजी करतोस.’

पहिली दहा गाणी मिळून होतात पंचेचाळीस मिनिटं, जवळपास सेकंदाला सेकंद. म्हणजे अकरावं गाणं सुरू व्हायचं, ती घुमणारी ड्रमची घरघर थोडी यायची आणि टक्, बटण वर. मी त्या अल्बमला कित्येक वर्षं दहा गाण्यांचा अल्बम समजत होतो आणि शेवटची घरघर म्हणजे शेवट करायची पद्धत असेल असं वाटायचं. अकरावं गाणं पूर्ण ऐकलं ते कॉम्प्युटर आल्यावर, तेव्हा कळलं की ते अर्जेंटिनामध्ये लष्करी राजवटीत गायब केलेल्या पोरांच्या आयांवर आहे. ज्या गाण्यानं अल्बम संपावा असं बँडनं आधीच ठरवून ठेवलं होतं तेच गाणं माझ्याकडं नव्हतं.

२०१९ चा ऑगस्ट सांगलीत कोणाला सांगायला नको. कृष्णेला पूर आला, तिच्यावरच्या आयर्विन पुलाशी पंचेचाळीस फूट ही धोका पातळी, पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं, २००५ च्या पुरापेक्षा जास्त. आमचं घर गावभागात, खालचा मजला पूर्ण पाण्यात, आणि कॅसेटींची ट्रंक खाली जिन्याखाली. आम्ही आधी कागदपत्रं, गॅस, आईची औषधं वर नेली, ट्रंक कोणाच्या लक्षातच आली नाही. पाणी ओसरल्यावर आईनं एकेक कॅसेट बादलीतल्या साध्या पाण्यातनं काढली आणि गच्चीवर जुन्या चादरीवर ओळीनं वाळत घातल्या, कुरडया घालतात तशा. दोनशेच्या वर होत्या. लेबलांची शाई सगळी गेलेली, कुठली कुठली ते ओळखू येईना, माझी ती ओळखली फक्त तिच्या कोपऱ्यात मी होल्डरनं पाडलेल्या खुणेमुळं. आत रिळावर गाळाचा पिवळा थर बसलेला. वाजणं शक्यच नव्हतं.

डिसेंबरच्या कार्यक्रमाची घोषणा त्याच्याच पुढं-मागं झाली. ज्या वर्षी घरात नवीन फ्रिज, नवीन गाद्या, वायरिंग, सगळं परत करायचं होतं त्या वर्षी तिकिटाला पैसे घालायचे का यावर घरी चार दिवस बोलणं झालं. शेवटी आईच म्हणाली जा. शनिवारी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं निघालो, ती पनवेलवरनं पुढं जाते आणि स्टेडियम हायवेलाच आहे, पहाटे ड्रायव्हरनं आम्हाला समोरच उतरवलं. कार्यक्रम संध्याकाळी. दिवसभर आम्ही तिथंच आसपास.

कॅसेट मी खिशात नेली होती. गेटवर सिक्युरिटीवाल्यानं काढून कानाशी हलवून बघितली, आत काहीतरी खुळखुळलं, ‘ये क्या है’ म्हणाला, मी म्हटलं कॅसेट, पुराच्या पाण्यातली, त्यानं उलटसुलट करून परत दिली.

बाकी वर्णन पुष्कळांनी लिहिलंय, मी थोडक्यात सांगतो. आधी ड्रमवाला एकटा चालत पुढच्या छोट्या स्टेजवर येतो, मग बाकीचे, आधीच्या अल्बमांची काही गाणी पडद्यावर काहीही न दाखवता. मग मागचा तो दोनशे फुटी पडदा लाल होतो आणि चौघांच्या काळ्या आकृत्या दिसतात, तिथनं अल्बम सुरू. तीन हिट गाण्यांना स्टेडियम नाचत होतं, दुसरी बाजू लागली तशी आमच्या पुढच्या रांगा खाली बसल्या, बरेच जण खायला गेले. खाण कामगारांच्या गाण्याला पडद्यावर ब्रास बँड होता, बिगुल, ट्रॉम्बोन, युनिफॉर्म, आणि आमच्यातला एकजण ओरडला ‘अरे आपला बँड’, कारण सांगलीत बँड म्हटलं की वरातीचाच. अल्बम संपल्यावर नंतरची गाणी झाली, भारतातल्या कर्तृत्ववान बायकांचे चेहरे पडद्यावर आले, त्या गाण्यांवर लोक परत उभे राहिले.

त्यानंतर तीनच महिन्यांत लॉकडाऊन लागला आणि मोठे कार्यक्रम बंदच झाले. जुलै २०२१ ला सांगलीत परत पाणी आलं, पण तोवर ट्रंक वरच्या मजल्यावर गेली होती. २०२३ ला याच बँडनं लास व्हेगसच्या स्फिअर नावाच्या गोल इमारतीत १९९१ चा अल्बम पूर्ण वाजवला, ड्रमवाला ऑपरेशनमुळं नव्हता, त्याच्या जागी दुसरा. १९९१ ते २०२३, परत बत्तीसच. तेव्हा बत्तिसावी कसली असं फारसं कोणी विचारलं नाही.

नेरूळला अकरावं गाणं सुरू झालं तेव्हा ती घरघर आली आणि माझा हात आपोआप खिशात गेला, कारण माझ्या कानाला तिथं टक् ऐकायची सवय. टक् आलं नाही. गायक पुढं आला, पडद्यावर हातात मेणबत्त्या घेतलेल्या बायका ओळीनं उभ्या, आणि गाणं पाच मिनिटं चाललं.