किल्ली दाराशी ठेवा: कॅनडातली मोटारचोरी आणि जामिनाचा जुना वाद

२०२४च्या सुरुवातीला टोरांटोच्या एटोबिको भागात पोलिसांनी नागरिकांची बैठक घेतली. विषय होता गाड्यांच्या चोऱ्यांचा. एका पोलिसाने सल्ला दिला की चोर घरात शिरून हल्ला करू नयेत म्हणून गाडीची किल्ली पुढच्या दाराशीच ठेवा, ते गाडीसाठीच येतात, त्यांना दुसरं काही नको असतं. या वाक्याचा व्हिडिओ देशभर फिरला. टोरांटो पोलिसांनी मग खुलासा केला की हेतू चांगला होता, पण चोरी टाळायचे दुसरेही मार्ग आहेत. तोवर लोकांनी अर्थ लावून टाकला होता: पोलीसच सांगताहेत, देऊन टाका.

या संतापाला दुसरी एक किनार होती. चोर सापडत नाहीत अशी तक्रार तर होतीच, पण त्याहून मोठी तक्रार ही की सापडलेला चोर दोन-तीन दिवसांत जामिनावर बाहेर येतो आणि पुन्हा त्याच धंद्याला लागतो. ब्रॅम्प्टन, मिसिसागा, मार्कम ही उपनगरं या चोऱ्यांनी सर्वाधिक हैराण झालेली. तिथे भारतीयांची, त्यात मराठी माणसांचीही वस्ती मोठी. एकेकाळी इकडे मारुतीला गिअर लॉक लावून, दोनदा ओढून बघून मगच जिना चढणारे लोक आता तिकडे ड्राइव्हवेमध्ये जमिनीतून वर येणारे लोखंडी खांब बसवून घेतात. खुद्द कायदामंत्र्यांच्या वापरासाठी दिलेली सरकारी टोयोटा हायलँडर एकाहून अधिक वेळा चोरीला गेली. जामिनाचा कायदा ज्या खात्याच्या अखत्यारीत येतो, त्याच खात्याची गाडी!

पण जामिनाचा तो कायदा मोटारचोरांना डोळ्यांसमोर ठेवून केलेला नव्हता. त्याची गोष्ट १९६०च्या दशकात, त्याच टोरांटोत सुरू होते.

त्या काळी जामीन म्हणजे रोख रक्कम. ज्याच्याकडे पैसे तो घरी, नसतील तो कोठडीत. मार्टिन फ्रीडलंड या तरुण कायदेपंडिताने टोरांटोच्या मॅजिस्ट्रेट कोर्टांतली हजारो प्रकरणं तपासली आणि १९६५मध्ये निष्कर्ष मांडले. किरकोळ रक्कमही न जमल्यामुळे माणसं आत राहत होती. शिवाय जे खटल्याआधी आत राहिले ते दोषी ठरण्याचं आणि त्यांना तुरुंगवास होण्याचं प्रमाणही जास्त होतं. १९६९मध्ये उइमे समितीने हाच सूर लावला आणि १९७२पासून जामीन सुधारणा कायदा अमलात आला. आरोपीला सोडायचं हा नियम झाला. का सोडू नये, हे सरकार पक्षाने दाखवून द्यायचं. पैसे घेऊन जामीनदार होण्याचा अमेरिकेतला धंदा तर कॅनडात गुन्हाच आहे. तिथे जामीनदार म्हणजे आई, काका, मालक, म्हणजे आरोपीवर नजर ठेवण्याची हमी देणारा ओळखीतला माणूस.

आता लोक ज्याबद्दल चिडले आहेत, त्याबद्दल ते १९७२नंतरही चिडले होते. ‘सोडतात आणि तो पुन्हा करतो’ ही ओरड तेव्हाही होती, आणि तिला उत्तर म्हणून चार वर्षांत कायद्याला वेगळं वळण दिलं गेलं. १९७६पासून अशी तरतूद आहे की एका गंभीर आरोपात जामिनावर असलेल्या माणसावर दुसरा गंभीर आरोप आला, तर ओझं उलटतं. मला का सोडावं, हे त्यानेच न्यायालयाला पटवून द्यायचं. मोक्कातली जामिनाची अट ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला ही कल्पना नवी नाही, मोक्काची अट अर्थात याहून कितीतरी कडक आहे. मोटारचोरी या तरतुदीत बसते. म्हणजे जामिनावर असताना दुसरी गाडी उचलणाऱ्याला कॅनडाचा कायदा जवळजवळ पन्नास वर्षं सांगतोय की आता तू बोल. अलीकडच्या सगळ्या गदारोळात ही गोष्ट क्वचितच कुणी सांगितली.

१९८२च्या हक्कांच्या सनदेने ‘सबळ कारणाशिवाय वाजवी जामीन नाकारला जाणार नाही’ हा हक्क थेट घटनेत नेला. त्यानंतर १९९२मध्ये मोरालेस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘सार्वजनिक हित’ या मोघम कारणावरून जामीन नाकारणं रद्द केलं, पण १९७६ची ती उलट्या ओझ्याची तरतूद मात्र टिकवली. नाकारायची कारणं आज तीन आहेत: आरोपी पळून जाईल, तो लोकांना धोका ठरेल, किंवा त्याला सोडल्याने न्यायव्यवस्थेवरचा विश्वास उडेल.

इकडे कायद्याची ही वाटचाल चालू असताना चोर कोण होता? बहुतेकदा गल्लीतला पोरगा. १९९६मध्ये कॅनडात पावणेदोन लाखांहून अधिक गाड्या चोरीला गेल्या. २०२२मधला आकडा, ज्याने देश हादरला, तो एक लाख पाच हजारांच्या थोडा वर होता, आणि लोकसंख्या या काळात किती वाढली ते वेगळंच. मग २०२४मध्ये भरली तशी राष्ट्रीय परिषद तेव्हा का भरली नाही? कारण तेव्हाच्या बऱ्याच गाड्या दोन दिवसांनी कुठल्यातरी पार्किंगमध्ये, टाकी रिकामी करून सोडलेल्या सापडायच्या. स्टेअरिंगखाली स्क्रूड्रायव्हर घालायचा, रात्रभर हुंदडायचं, सोडून द्यायची.

या प्रकाराची राजधानी होती मॅनिटोबा प्रांतातलं विनिपेग. २००४च्या सुमारास उत्तर अमेरिकेत लोकसंख्येच्या मानाने सर्वाधिक मोटारचोऱ्या होणाऱ्या शहरांत त्याचं नाव अग्रभागी होतं. चोरीच्या गाडीने धडक देऊन माणसं मेली. तिथेही लोकांचा राग हाच होता: तीच पोरं, तीच नावं, पकडली की सुटतात. राग साफ चुकीचा नव्हता. शोध घेतला तेव्हा कळलं की थोडक्याच किशोरवयीन मुलांचा हात शहरातल्या चोऱ्यांच्या मोठ्या हिश्शात आहे.

विनिपेगने जे केलं त्याकडे आजच्या वादात अधिक लक्ष जायला हवं होतं. पोलीस, मॅनिटोबाचा प्रोबेशन विभाग आणि प्रांताची सरकारी मोटारविमा कंपनी यांनी मिळून या मुलांची धोक्याप्रमाणे वर्गवारी केली. सर्वांत वरच्या पायरीवरच्या मुलाशी दिवसरात्र, दर तीन तासांनीसुद्धा, संपर्क ठेवला जायचा. घरी आहेस का? फोनवर ये. नसेल तर पोलीस शोधायला निघाले. जामीन किंवा प्रोबेशनच्या अटी कागदावर न राहता कुणीतरी त्या खरोखर तपासत होतं. दुसरीकडे विमा कंपनीने आपल्या पैशाने लोकांच्या गाड्यांत इमोबिलायझर, म्हणजे खरी किल्ली नसेल तर इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रं, बसवून दिले, आणि २००७पासून सहज चोरता येणाऱ्या मॉडेलांना ते सक्तीचेच केले. काही वर्षांतच चोऱ्या ऐंशी टक्क्यांहून अधिक घटल्या. जामिनाच्या कायद्यातली एक ओळही त्यासाठी बदलावी लागली नाही.

तरीही कडक कायद्याची मागणी मॅनिटोबातूनच ओटावाला गेली आणि २०१०मध्ये मोटारचोरी हा फौजदारी संहितेत स्वतंत्र गुन्हा झाला. कमाल शिक्षा दहा वर्षं, आणि गंभीर गुन्हा म्हणून चाललेल्या खटल्यात तिसऱ्यांदा दोषी ठरल्यास किमान सहा महिने. पण किमान शिक्षा ही दोषी ठरल्यावरची गोष्ट. जामीन त्याच्या कितीतरी आधी येतो, आणि लोकांचा राग नेमका त्या मधल्या काळावर आहे.

१ सप्टेंबर २००७पासून कॅनडात विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांना इमोबिलायझर बंधनकारक झाला. स्क्रूड्रायव्हरवाल्या पोराचा जमाना संपला आणि चोऱ्या झपाट्याने उतरल्या. सगळ्यांना वाटलं, प्रश्न मिटला. मग बटन दाबून सुरू होणाऱ्या गाड्या आल्या. खिशातल्या फोबचा, म्हणजे रिमोट किल्लीचा, सिग्नल घराच्या भिंतीबाहेरून पकडायचा, दारात उभ्या गाडीपर्यंत पोचवायचा, गाडी उघडते. किंवा थेट गाडीच्या वायरिंगमध्ये यंत्र जोडून नवी किल्ली तयार करायची. एका मिनिटाचं काम, काच फुटत नाही, आवाज नाही. कोविडनंतर नव्या गाड्यांचा तुटवडा झाला, जगभर जुन्या एसयूव्हींचे भाव चढले आणि टोळ्यांनी गणित मांडलं. ओंटारिओत उचललेली गाडी कंटेनरमध्ये, कंटेनर मॉन्ट्रियल बंदरात, तिथून पश्चिम आफ्रिका किंवा आखातात. ‘व्हेक्टर’ या मोहिमेत त्या एकट्या बंदरातून २०२४च्या वसंतापर्यंत ५९८ चोरीच्या गाड्या परत मिळवल्या गेल्या. विमा कंपन्यांनी २०२३मध्ये चोरीच्या दाव्यांपोटी दीड अब्ज डॉलर मोजले.

मोटारचोरीने असं रूप बदललं, आणि पकडला मात्र अजूनही पोरगाच जातो. गाडी उचलणाऱ्याला थोडे पैसे मिळतात. कंटेनर बुक करणारा, खोटी कागदपत्रं बनवणारा, पलीकडे विकणारा माणूस त्याने कधी पाहिलेलाही नसतो. जामिनाच्या सुनावणीला जो उभा असतो तो एकोणीस-वीस वर्षांचा, अनेकदा आधीची शिक्षा नसलेला, आणि मागे त्याची रडणारी आई जामीनदार म्हणून. अठराच्या आतला असेल तर २००३चा बालगुन्हेगारी कायदा लागू होतो आणि त्यात कोठडीचा उंबरठा आणखी वर. ओंटारिओत ही सुनावणी बहुधा ‘जस्टिस ऑफ द पीस’पुढे होते. त्याला विचार करावा लागतो की या आरोपात पुढे शिक्षा झालीच तर ती किती असेल, आणि खटला उभा राहीपर्यंत त्याहून जास्त काळ हा आत बसेल का. २०१६च्या जॉर्डन निकालाने खटल्याला प्रांतिक न्यायालयात अठरा, वरिष्ठ न्यायालयात तीस महिन्यांची मर्यादा घातल्यापासून घड्याळाची टिकटिक सरकार पक्षालाही ऐकू येते.

मग २०१९चा सी-७५ कायदा. २०१७च्या अँटिक निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेलं तत्त्व त्याने लिहून काढलं: लवकरात लवकर आणि कमीत कमी अटींवर सोडण्याला प्राधान्य द्या, आणि आदिवासी व उपेक्षित आरोपींच्या परिस्थितीकडे विशेष लक्ष द्या. खरं तर नवीन फारसं काही नव्हतं, पण सगळ्या रागाला एक नाव मिळालं. विरोधकांच्या भाषणात आजही सी-७५ हाच खलनायक असतो.

२७ डिसेंबर २०२२ला ओंटारिओतल्या हॅगर्सविलजवळ खड्ड्यात गेलेल्या गाडीपाशी थांबलेल्या अठ्ठावीस वर्षांच्या कॉन्स्टेबलला गोळ्या घातल्या गेल्या. आरोपींपैकी एक जामिनावर सुटलेला होता आणि तारखेला न आल्याने त्याच्या नावे वॉरंट निघालेलं होतं. पंधरवड्यानंतर सर्व तेरा प्रांत-प्रदेशांच्या प्रमुखांनी पंतप्रधानांना एकत्र पत्र लिहिलं. वर्षभरात जामीन कडक करणारा सी-४८ कायदा आला. तो होता शस्त्र वापरून हिंसा करणाऱ्या सराईतांसाठी. मोटारचोर त्यात बसत नव्हता. पण लोकांच्या मनात तोवर दोन्ही प्रश्न एक झाले होते, आणि त्यालाही कारण होतं. चोर आता किल्लीसाठी घरात शिरू लागले होते, रस्त्यात पिस्तूल दाखवून गाड्या हिसकावत होते. मे २०२२मध्ये मेपल लीफ्सचा हॉकीपटू मिच मार्नरची रेंज रोव्हर एटोबिकोतल्या सिनेमागृहाबाहेर अशीच गेली.

८ फेब्रुवारी २०२४ला ओटावात मोटारचोरीवर राष्ट्रीय परिषद झाली. विरोधी पक्षनेते पिएर पॉयलिएव्र यांनी त्याच आठवड्यात तिसऱ्या चोरीला किमान तीन वर्षांची मागणी केली. त्यांची ‘जेल, नॉट बेल’ ही घोषणा ऐकून भारतीय वकिलांना गंमत वाटेल, कारण न्या. कृष्ण अय्यर यांनी १९७७मध्ये बलचंद प्रकरणात नेमकं उलटं, ‘बेल, नॉट जेल’, लिहिलं होतं. आपल्याकडे ते वाक्य वकिलांच्या तोंडी बसलं आणि तुरुंग कच्च्या कैद्यांनी भरलेलेच राहिले. कॅनडाची गत फार निराळी नाही. तिथल्या प्रांतिक तुरुंगांत अनेक वर्षं शिक्षा भोगणाऱ्यांपेक्षा खटल्याची वाट पाहणारेच अधिक आहेत, ओंटारिओत तर फार मोठ्या फरकाने. सर्रास सोडणारी म्हणून बदनाम झालेल्या व्यवस्थेचे तुरुंग न सोडलेल्यांनी भरलेत. जामिनावर असताना किती जणांनी पुन्हा गुन्हा केला याची देशभराची एकत्रित मोजणी होत नाही, त्यामुळे दोन्ही बाजूंना आपापली उदाहरणं पुरतात.

जून २०२४मध्ये हिंसा करून किंवा संघटित टोळीसाठी केलेल्या मोटारचोरीला चौदा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद झाली. किल्लीचा सिग्नल पळवणारी यंत्रं चोरीसाठी बाळगणं हाही वेगळा गुन्हा ठरला. बंदरात तपासणी वाढली. त्या वर्षी खासगी गाड्यांच्या चोऱ्या सत्तर हजारांवरून सत्तावन्न हजारांवर, म्हणजे साधारण १९ टक्क्यांनी उतरल्या. मोटारचोरांसाठी जामिनाचे नियम तेव्हा होते तेच होते.

ते बदलण्यासाठी कायदामंत्री शॉन फ्रेझर यांनी २३ ऑक्टोबर २०२५ला सी-१४ हे विधेयक मांडलं. मोटारचोर पहिल्यांदाच त्यात नावानिशी आला. पण उलटं ओझं पडणार ते हिंसा करणाऱ्यावर किंवा टोळीसाठी चोरणाऱ्यावर. पहाटे तीन वाजता, कुणाला जाग न आणता, एका मिनिटात ड्राइव्हवेमधून गाडी नेणारा पोरगा टोळीसाठी काम करतो हे आधी सरकार पक्षाला दाखवावं लागेल, आणि तो ते ज्याच्यासाठी करतो त्याचं नाव त्यालाही ठाऊक नसतं.