बीजमोचनाची वेळ आणि मेंदूतील घड्याळ

जॉन एव्हरेट आणि चार्ल्स सॉयर या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग, बीजमोचनाची (अंडाशयातून बीज बाहेर पडण्याची) वेळ मेंदू कशी ठरवतो, या विषयाचा पाया मानला जातो. उंदराच्या मादीचे प्रजननचक्र चार-पाच दिवसांचे असते. ज्या रात्री तिचे बीजमोचन व्हायचे, त्या दिवशी दुपारी दोनच्या आधी तिला गुंगीचे औषध दिले तर ते टळते. इथपर्यंत नवल वाटत नाही. परंतु गुंगी उतरल्यावर ते काही तासांच्या उशिराने न होता पूर्ण चोवीस तासांनी होते आणि तेच औषध चारनंतर दिले तर काहीच बिघडत नाही. म्हणजे बीज पक्व असले तरी मेंदूचा इशारा दिवसातून एकदाच, ठरावीक वेळात मिळतो आणि ती वेळ हुकली की दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत थांबावे लागते.

ही वेळ राखणारे घड्याळ मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागात, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात त्या जागेच्या लगेच वर असते. सुमारे वीस हजार पेशींचा हा पुंजका डोळ्यांवाटे उजेड-अंधाराची खबर घेतो आणि त्यातील काही पेशी व्हॅसोप्रेसिन या रासायनिक निरोप्याच्या मार्फत किस्पेप्टिन (प्रजननाच्या संप्रेरकांना चालना देणारा पदार्थ) बनवणाऱ्या पेशींना वेळ कळवतात. इस्ट्रोजेन या वाढत्या संप्रेरकाच्या रूपाने अंडाशयाचा निरोपही त्यांच्याकडेच येतो. दोन्ही जुळले, की पियुषिका ग्रंथीतून एल.एच. या संप्रेरकाची मोठी लाट रक्तात येते आणि त्यानंतर बीज बाहेर पडते. शरीरातील हे घड्याळ चालवणाऱ्या ‘क्लॉक’ या जनुकात बिघाड असलेल्या उंदरांच्या माद्यांमध्ये ही लाट नीट येत नाही, चक्र विस्कळीत होते आणि गर्भही अधिक दगावतात.

स्त्रियांमध्ये ही सांगड इतकी घट्ट नाही. तरीही बहुतेकींमध्ये एल.एच.ची लाट मध्यरात्र ते सकाळी आठ या वेळात सुरू होते. निशाचर उंदरांमध्ये ती सायंकाळच्या आधी येते. थोडक्यात, दोन्हीकडे ती जागे होण्याच्या वेळेशी बांधलेली दिसते.

फिरत्या शिफ्टमध्ये काम करणाऱ्या परिचारिकांच्या पाहण्यांत अनियमित मासिक पाळीच्या तक्रारी अधिक आढळल्या आहेत. अपुरी झोप, अवेळी जेवण आणि ताण हेही रात्रपाळीबरोबरच येत असल्याने सगळा दोष घड्याळावर टाकता येणार नाही. पण मूल होण्यासाठी उपचार घेणाऱ्या स्त्रीला सोनोग्राफी आणि रक्ततपासणी लिहून देताना डॉक्टरांनी तिच्या ड्युटीचा तक्ताही विचारावा आणि शक्य असेल तिथे त्या काळापुरती तिला स्थिर दिवसपाळी मिळावी, असे मला आग्रहाने वाटते.