सिंफनीतला 'फ' आणि झांपोन्यातला 'प'

'टेलिफोनमधला फोन म्हणजे आपला ध्वनीच!' हा मेसेज अधूनमधून फिरत असतो. ऐकायला छान, पण नियमात बसत नाही. संस्कृत 'भ'च्या जागी ग्रीकमध्ये 'फ' सापडतो (भ्राता–फ्रातेर, भरति–फेरेइ) आणि 'ध'च्या जागी 'थ' (धूम–थूमोस). 'ध्वनी'चा ग्रीक भाऊबंद असलाच तर तो 'थ'ने सुरू व्हायला हवा. 'फोने' म्हणजे आवाज, त्यातही मुख्यतः माणसाचा किंवा प्राण्याचा. त्याचं नातं लॅटिन 'फारी', म्हणजे बोलणे, या क्रियापदाशी आहे.

खरी गंमत आहे ती त्या पहिल्या अक्षरात. ओठांसमोर कागदाची पातळ पट्टी धरा आणि 'फळ' म्हणा, पण जुन्या पद्धतीने: दोन्ही ओठ पूर्ण मिटून, मग हवेचा झोत सोडून. पट्टी फटकन उडते. आता 'फॅन' म्हणा. खालचा ओठ वरच्या दातांना टेकतो, हवा फटीतून घासत जाते आणि पट्टी जेमतेम हलते. (हल्ली पुष्कळजण 'फळ'सुद्धा 'फॅन'सारखंच म्हणतात, त्यांना हा प्रयोग फसल्यासारखा वाटेल.) अभिजात ग्रीकमधलं 'फी' हे अक्षर पहिल्या प्रकारचं होतं, म्हणजे 'प' अधिक 'ह'.

हे कशावरून? रोमनांकडे दातावरच्या 'फ'साठी एफ हे अक्षर आधीपासून होतं. ग्रीक शब्दांत तोच उच्चार ऐकू आला असता तर त्यांनी सरळ एफ लिहिला असता. त्यांनी लिहिला नाही. सुरुवातीला नुसता पी लिहिला, पुढे इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकाच्या सुमारास पी-एच ही जोडी आणली. दुसरा पुरावा रोमन वक्तृत्वशिक्षक क्विंतिलियन देतो: फुंदानिउस या रोमन नावाचं पहिलं अक्षर एका ग्रीक साक्षीदाराला म्हणता येईना, म्हणून रोमन वक्ता सिसेरोने त्याची टर उडवली होती. ग्रीक जिभेला तेव्हा दातावरचा 'फ' येतच नव्हता.

इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत ग्रीक उच्चार बदलला. ओठ पूर्ण मिटणं सुटलं, स्फोटाच्या जागी घर्षण आलं. लॅटिनमधलं पी-एच मात्र कागदावर तसंच राहिलं आणि वाचताना 'फ' झालं.

म्हणून युरोपात एकाच शब्दाचे दोन थर सापडतात. 'सिंफोनिया' म्हणजे सुरांचा मेळ. उत्तरकालीन लॅटिनमध्ये ते वाद्याचंही नाव झालं. लोकांच्या तोंडी हा शब्द 'प'नेच रुळला. त्यातून इटालियन 'झांपोन्या' आला, म्हणजे मेंढपाळांची मशकबीन. त्याचंच स्पॅनिश रूप आज अँडीज पर्वतातल्या वेळूच्या पाव्यालाही वापरतात. पंडितांनी तोच शब्द पुस्तकातून पुन्हा उचलला तेव्हा 'सिंफोनिया' झाला, 'फ'सकट. शब्द कानाने आला की डोळ्यांनी, हे या एका व्यंजनावरून ओळखता येतं.

यंत्रांची नावं सगळी डोळ्यांनी आलेली. जर्मन संशोधक फिलिप राइस याने 1861 मध्ये फ्रँकफुर्टला आपलं 'टेलेफोन' दाखवलं, तेव्हा बेलचं पेटंट (1876) पंधरा वर्षं दूर होतं. 'तेले' म्हणजे दूर. दोन्ही तुकडे ग्रीक, पण जोड पश्चिम युरोपात झाली. ग्रीसने हा शब्द नंतर तिथून 'तिलेफोनो' म्हणून परत घेतला. हाच 'फोने' एडिसनच्या फोनोग्राफमध्ये (1877) आहे. सॅक्सोफोनमध्ये (पेटंट 1846) तो हे वाद्य घडवणाऱ्या आदोल्फ साक्सच्या आडनावाला चिकटवला आहे, म्हणजे आवाज माणसाचा की धातूचा, हा भेद तोवर पुसला गेला होता.

सगळ्यांनी उसनवारी केली असंही नाही. फिनिशमध्ये बोलण्याच्या क्रियापदापासून 'पुहेलिन' घडवला. आइसलँडने दोरा या अर्थाचा जुना 'सीमी' हा शब्द उकरून काढला. जर्मन टपालखात्याने 'फेर्नश्प्रेशर' (दूर बोलणारा) चालवून पाहिला, पण बोलण्यात 'टेलेफोन'च टिकला.

स्पेलिंगचा निकाल प्रत्येकाने आपापला लावला. इटालियन आणि स्पॅनिशने पी-एच टाकून एफ घेतला, पोर्तुगालने तो 1911 च्या सुधारणेत घेतला, इंग्रजी आणि फ्रेंच जुन्यालाच धरून आहेत. जर्मनने 1996 मध्ये 'साक्सोफोन'सारख्या शब्दांना एफची मुभा दिली. 'फिलोसोफी'ला दिली नाही.