पांढरीच्या याद्यांतले पूर्वज : नागपुरातल्या वंशावळ-शोधाची पार्श्वभूमी

दहावी-बारावीचे निकाल लागले की नागपुरातल्या तहसील कचेरीत आणि भूमी अभिलेखच्या खिडकीवर एकाच गोष्टीची विचारणा सुरू होते : जुना पुरावा कुठे मिळेल? अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखांच्या आधीचा, जात लिहिलेला कागद हवा असतो. आपल्याकडे बहुतेक घरांची वंशावळ पहिल्यांदा लिहिली जाते ती याच निमित्ताने, शपथपत्राला जोडण्यासाठी. आजोबा, पणजोबा, फार तर खापरपणजोबा. हवी ती एक ओळ सापडली की शोध तिथेच थांबतो आणि बस्ता पुन्हा बांधला जातो.

त्या ओळीच्या मागेपुढे जे राहते, ते इथे मांडायचे आहे. विशेषतः करवसुलीच्या याद्या. वंशावळ शोधणारे सहसा त्या मागतच नाहीत, कारण त्यांत जमीन नसते आणि जमीन नसलेला कागद आपल्या मनात कागदच नसतो. नागपूरसारख्या विणकर, तेली, सोनार, दुकानदार आणि गिरणी कामगारांच्या शहरात निम्म्या घरांचे पूर्वज मात्र अशाच यादीत आहेत.

काळी म्हणजे शेतजमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा, हे वाचकांना सांगायला नको. भोसल्यांच्या राज्यात शेतसारा काळीवर होता. जे शेती करत नव्हते, धंद्यावर आणि कारागिरीवर जगत होते, त्यांच्यावर पांढरी पट्टी बसायची. १८५३च्या डिसेंबरात तिसरे रघुजी वारले आणि पुढच्याच वर्षी राज्य खालसा झाले. नव्या सरकारने ही पट्टी मोडली नाही, उलट १८६७मध्ये तिच्यासाठी वेगळा कायदा केला. प्राप्तिकराच्या कक्षेत न येणाऱ्या लहान कमाईवरचा हा कर विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत टिकला. म्हणजे ज्या माणसाकडे शेत नाही, बंगला नाही, ज्याची कमाई मोठ्या कराइतकी नाही, त्याचे नाव सरकारदरबारी नियमाने लिहिले जाण्याची सोय याच पट्टीने केली. भोसल्यांच्या दरबारी पत्रव्यवहाराची जी आस्था आपण बाळगतो, तिचा चौथा हिस्सा जरी या याद्यांच्या वाट्याला आला असता तरी आज चित्र वेगळे दिसले असते.

करयादीचा खरा उपयोग एका वर्षाच्या यादीतून होत नाही. ओळीने आठ-दहा वर्षांच्या याद्या मिळाल्या तरच ती बोलू लागते. एका वर्षी ‘अमुक वल्द तमुक’ (तमुकचा मुलगा अमुक) असतो, पुढच्या वर्षी असतो, मग एके वर्षी त्याच जागी त्याच्या बायकोचे नाव ‘बेवा’ असे लिहून येते आणि काही वर्षांनी मुलाचे. घरात मृत्यूची तारीख कुणाला आठवत नसेल तरी बाप कोणत्या दोन वर्षांच्या दरम्यान गेला, हे इथे कळते. विधवेच्या नावाने कर लागला याचा अर्थ घर तीच चालवत होती. एरवी वंशवृक्षात बायकांना जागा नसते. ही यादी ती जागा देते, कारण वसुली करणाऱ्याला पैसे कुणाकडून घ्यायचे एवढेच पाहायचे होते. दोन भावांची नावे आधी एका ओळीत आणि नंतर दोन ओळींत आली, तर चूल वेगळी झाली. एखादे नाव गळाले आणि दुसऱ्या पेठेच्या यादीत उगवले, तर घर हलले. यादी लिहिणारा गल्लीतून चालत जाऊन घरे घेत असे, म्हणून वरच्या-खालच्या चार ओळी नेहमी उतरवून घ्याव्यात. सोयरेधायरे बहुधा शेजारीच राहत. टिमकी, तांडापेठ, पाचपावली किंवा इतवारीतल्या जुन्या घरांबाबत हे फार उपयोगी पडते.

गावाकडचा भाग थोडक्यात. १८६० नंतरच्या पहिल्या बंदोबस्तात, म्हणजे जमीन मोजून सारा ठरवण्याच्या कामात, सरकारने गावच्या वसुलीचे काम करणाऱ्यांना गावाची मालकी दिली आणि मालगुजार तयार झाले. पाटील किंवा मक्तेदार म्हणून सारा गोळा करणारा माणूस एका निर्णयाने गावाचा धनी झाला, आणि पिढ्यान्‌पिढ्या कसणारे त्याचे कूळ झाले. वऱ्हाडात असे झाले नाही. तिथे मुंबईच्या धर्तीवर रयतवारी होती, म्हणजे कसणारा सारा थेट सरकारला देई. म्हणून अमरावती-अकोल्याच्या नातेवाइकाने सांगितलेली शोधाची वाट नागपूरला लागू पडत नाही. इथे कसणाऱ्याचे नाव मालगुजाराच्या खाली, जमाबंदीत (गावच्या साऱ्याच्या नोंदवहीत) मिळते, आणि त्यालाही दर्जे असतात : मालिक मकबूजा (आपल्या तुकड्याचा मालक), मौरूसी (वारसाहक्काचे कूळ), साधारण कूळ. दुसरा बंदोबस्त १८९०च्या दशकात आणि तिसरा १९१०च्या दशकात झाला. उत्तरेतल्या प्रांतांची पद्धत इकडे आणल्यामुळे खसरा (शेताच्या तुकड्यांची नोंद), खतौनी (खातेवार नोंद), वाजिब-उल-अर्ज (गावच्या रिवाजांची नोंद), निस्तार (गावाचे सामायिक हक्क), साकीन (राहणार), कौम (जात), जौजे (बायको) ही भाषा आली. आजही लेआउटच्या जाहिरातीत ‘मौजा’, ‘प.ह.नं.’ (पटवारी हलका नंबर) आणि ‘खसरा क्रमांक’ छापले जातात, ते याच दप्तराचे उरलेले शब्द. सातबारा इथे फार उशिरा आला. म्हणून ‘१९२०चा सातबारा द्या’ असा अर्ज नागपूर जिल्ह्यात करू नये. तो कागद अस्तित्वातच नाही.

आता त्या नोंदीकडे वळू, जिच्यावरून नागपुरात सर्वांत जास्त वाद झाला आहे आणि अजून मिटलेला नाही. पूर्वजाच्या नावापुढे ‘कोष्टी’ लिहिले असेल तर ती जात समजायची, की धंदा?

हलबा समाजातल्या विणकरांचे म्हणणे असे की त्यांचे पूर्वज बस्तरच्या बाजूने आले, मागावर बसले, आणि लोक त्यांना कोष्टी म्हणू लागले. १९५०च्या आदेशात आणि १९५६च्या दुरुस्तीत हलबा ही जमात अनुसूचित होती, पण आजच्या महाराष्ट्रापुरते बोलायचे तर ठरावीक तहसिलींसाठीच : मेळघाट, गडचिरोली, सिरोंचा, केळापूर, वणी, यवतमाळ. नागपूर त्यात नव्हते. १९७६च्या कायद्याने राज्यांतर्गत क्षेत्रबंधन उठले, ते १९७७पासून लागू झाले, आणि नागपूरच्या विणकर वस्त्यांतून हलबा म्हणून दाखले मागितले जाऊ लागले. अनेकांना ते मिळाले, त्यावर शिक्षण झाले, नोकऱ्या लागल्या. मग जातीच्या दाखल्यांच्या तपासण्या सुरू झाल्या आणि पणजोबांच्या शाळेच्या दाखल-खारीजमध्ये (प्रवेश व नाव काढल्याच्या वहीत) किंवा नगरपालिकेच्या नोंदीत ‘कोष्टी’ सापडू लागले.

२८ नोव्हेंबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाल दिला : अनुसूचीत जे नाव जसे लिहिले आहे तसेच वाचायचे, ‘हलबा’मध्ये ‘हलबा कोष्टी’ येतात का, याची चौकशी करून न्यायालयाने किंवा सरकारने यादी वाढवायची नाही, बदल करायचा तर संसदेने. त्या वेळी अंतिम झालेल्या प्रवेशांना आणि नेमणुकांना मात्र धक्का लावू नये, असेही त्यात होते. २०१७च्या जुलैमध्ये दुसऱ्या एका निकालाने ठरले की जातीचा दावा अवैध ठरला तर त्यावर मिळालेला लाभही टिकत नाही. २०१९च्या डिसेंबरात राज्य सरकारने अशा कर्मचाऱ्यांना ११ महिन्यांच्या अधिसंख्य (मंजूर संख्येबाहेरच्या) पदांवर घेण्याचा निर्णय काढला. पंचवीस-तीस वर्षे नोकरी केलेली माणसे अकरा-अकरा महिन्यांवर आली. नागपुरात असे घर ओळखीत नाही, असा माणूस क्वचितच भेटेल.

कायद्याचा प्रश्न न्यायालयाने सोडवला आहे आणि त्यावर इथे काही म्हणायचे नाही. कागदाचा प्रश्न मात्र वेगळा आहे, आणि तो नीट विचारला गेला असे मला वाटत नाही. करयादी लिहिणारा कारकून कर बसवायला आला होता. त्याने माग पाहिला आणि ‘कोष्टी’ लिहिले. समोरचा माणूस कोणत्या जमातीतून आला, हे विचारण्याचे त्याला कारणच नव्हते. शाळेच्या दाखल-खारीजमध्ये मास्तरांनी बापाने सांगितले ते लिहिले, किंवा वस्तीत जे म्हणतात ते लिहिले. जन्ममृत्यूच्या नोंदीत तिसऱ्याच माणसाने सांगितले ते उतरले. तिन्ही ठिकाणी रकाना ‘जात’ हाच असला तरी तो भरण्यामागचा हेतू तीन प्रकारचा आहे. त्यांना एकाच मापाने मोजणे हा त्या कागदांवर अन्याय आहे.

हे दोन्ही बाजूंना लागू आहे. एखाद्या पानावर एकटे ‘हलबा’ सापडले, म्हणूनही घराण्याचा इतिहास सिद्ध होत नाही. तपासणीत दक्षता पथक मूळ नोंदवही मागवते. नंतर घुसवलेली अक्षरे, खाडाखोड, वेगळ्या शाईची ओळ असे प्रकार घडले आहेत, आणि त्यामुळे खऱ्या नोंदींवरही संशय येतो. शोध घेणाऱ्याने निदान आपल्यापुरते एवढे करावे : एकाच घराच्या सगळ्या नोंदी वर्षवार मांडाव्यात, प्रत्येकीपुढे ती कुणी, कशासाठी आणि कुणाच्या सांगण्यावरून लिहिली ते टिपावे, आणि नक्कल घेताना आधीचे व नंतरचे पानही घ्यावे. कोष्टी, हलबा, हलबा कोष्टी असे तीन शब्द एकाच घराला तीन वह्यांत मिळाले, तर त्यातला सोयीचा ठेवून बाकीचे झाकू नयेत. पुढच्या पिढीला तिन्ही लागतील.

कोतवाल पंजीचे, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या वहीचे, वजन नागपूरच्या ग्रामीण भागात फार मोठे आहे. गावात जन्म-मृत्यू झाला की कोतवाल ती वही घेऊन पोलीस ठाण्यावर जाई, आणि तिथला मुन्शी त्याने तोंडी सांगितलेले लिहून घेई. कोतवाल बहुधा स्वतः निरक्षर आणि बहुतेक वेळा गावातल्या दलित वस्तीतला. साऱ्या गावाच्या जन्माची स्मृती त्याच्या डोक्यात असायची आणि ठाण्यापर्यंतची वाट तोच तुडवायचा. ओळ आखूड असते : तारीख, बापाचे नाव, जात, मुलगा किंवा मुलगी. बाळाचे नाव बारशाआधी नसतेच, म्हणून ‘मुलगा झाला’ एवढ्यावर ओळ संपते. आपल्या आजोबांचे नाव पंजीत नाही म्हणून परत फिरणारे लोक इथेच चुकतात. नाव बापाचे शोधायचे असते, तेही आडनावाशिवाय. एकाच गावात एकाच नावाचे दोन बाप असतील, तर जमाबंदी किंवा करयादीशी ताडून पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

मतदार याद्यांचेही तसेच. १९२० आणि १९३७च्या निवडणुकांत मत सर्वांना नव्हते. मुख्यतः सारा, भाडे, घराची किंमत, प्राप्तिकर किंवा नगरपालिकेचा कर यांवर ते मिळत होते. मध्य प्रांतातल्या अनेक नगरपालिका माणसाची ऐपत पाहून हैसियत कर लावत, आणि तो भरणाराही मतदार होऊ शके. म्हणजे त्या काळातली मतदार यादी ही मुख्यतः करदात्यांचीच छापील यादी आहे, शिवाय मोडीच्या भानगडीविना वाचता येते. जनगणनेची घरवार पत्रके वंशावळीसाठी हाती लागत नाहीत, त्यामुळे शहरातल्या माणसाला तर ही यादी लाखमोलाची.

१९५०चे दशक या दप्तरांसाठी उलथापालथीचे ठरले. ३१ मार्च १९५१ला मालगुजारी गेली. १९५४-५५मध्ये नवा अधिकार अभिलेख तयार झाला. आज जिल्ह्यात जुनी नोंद म्हणून याच्या पुष्कळ नकला जातात. १ नोव्हेंबर १९५६ला, तोवर मध्य प्रदेशची राजधानी असलेले नागपूर मुंबई राज्यात गेले आणि राजधानीचे दप्तर फुटले. काही भोपाळला, काही मुंबईला, बरेचसे सिव्हिल लाइन्समध्येच राहिले. त्याच सुमारास सरकारी कागदांचे अ, ब, क, ड असे वर्ग मनात धरून छाटण्या होत राहिल्या. ‘अ’ कायमचा, ‘ब’ तीस वर्षांचा, ‘क’ दहाचा, ‘ड’ एका वर्षाचा. जमिनीच्या हक्काचा कागद कायमच्या वर्गात बसतो. वसुली संपलेल्या कराच्या यादीला तो मान सहसा मिळत नाही. ज्यांच्याकडे जमीन होती त्यांचे पूर्वज टिकले आणि ज्यांच्याकडे नव्हती त्यांचे रद्दीत गेले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

२०२३च्या शेवटी कुणबी नोंदींचा शोध राज्यभर झाला, तेव्हा तहसिलींतले बस्ते पुन्हा सुटले. त्या वेळी तपासायच्या कागदांत १९५१चे नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर होते, ताडीच्या परवान्यांच्या वह्या होत्या, तुरुंगातल्या कच्च्या कैद्यांची नोंदवहीसुद्धा होती. मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. त्या शोधातही नजर एका शब्दावर होती, पण बस्ते तरी उघडले गेले, आणि कोणत्या कचेरीत काय शिल्लक आहे याचा अंदाज आला.

नक्कल मागताना अर्जात आजचे गावाचे नाव पुरत नाही. मौजा, जुना परगणा किंवा तहसील, बंदोबस्त नंबर, पटवारी हलका आणि वर्ष द्यावे लागते. शहरासाठी जुन्या वार्डाचे किंवा पेठेचे नाव आणि मिळाल्यास आखीव पत्रिकेवरचा नगर भूमापन क्रमांक. सौसर, पांढुर्णा, शिवनी, बालाघाटकडून आलेल्या मराठी घरांनी मात्र नागपुरात वेळ घालवू नये. १९५६ला त्यांची गावे मध्य प्रदेशात राहिली आणि त्यांचे मिसल-खसरे (बंदोबस्ताचे जुने कागद) तिथल्या कचेऱ्यांत आहेत, हिंदीत.