एका अंशाहून अरुंद खिडकी

चौकटीची वही, पट्टी आणि पेन्सिल घ्या. एका मीटरला एक सेंटिमीटर असं प्रमाण धरून १८.३ सेंटिमीटरची आडवी रेघ मारा. ही टेनिस कोर्टाची जमीन. डावं टोक म्हणजे बेसलाइन, जिथं उभं राहून सर्व्हिस करतात. उजवं टोक म्हणजे जाळ्यापलीकडच्या सर्व्हिस बॉक्सची शेवटची रेघ. चेंडू तिच्या आत पडला पाहिजे. आता डाव्या टोकापासून ११.९ सेंटिमीटरवर नऊ मिलिमीटरची उभी काडी काढा. हे जाळं. खरं जाळं मधोमध ९१.४ सेंटिमीटर उंच असतं.

आता पट्टी उजव्या टोकावर टेकवा, काडीच्या शेंड्याला चाटून जाईल अशी धरा आणि रेघ मागे डावीकडे वाढवत न्या. डाव्या टोकाशी ती जमिनीपासून साधारण २.६ सेंटिमीटरवर पोचेल. म्हणजे खऱ्या कोर्टावर २.६१ मीटर. चेंडू अगदी सरळ रेषेत जाणार असेल, तर याहून खालून मारलेली सर्व्हिस आत पडूच शकत नाही. जाळं चुकवलं तर बाहेर, आत टाकायला गेलं तर जाळ्यात.

हात पूर्ण ताणून, रॅकेट उंचावून, पायांनी जमीन सोडून सर्व्हिस मारताना खेळाडू चेंडूला स्वतःच्या उंचीच्या साधारण दीडपट उंचीवर गाठतो. स्लोव्हाकियाची टेनिसपटू डॉमिनिका त्सिबुलकोवा हिची उंची १.६१ मीटर, म्हणजे सव्वापाच फुटांहून थोडी जास्त. तिची दीडपट २.४२ मीटर. वहीत त्या उंचीवरून काडीच्या शेंड्यापर्यंत रेघ मारून पुढे वाढवा. ती सर्व्हिस बॉक्सच्या रेघेच्या तब्बल ८० सेंटिमीटर पलीकडे पडते.

तरीही ही बाई जागतिक क्रमवारीत चौथ्या स्थानापर्यंत गेली. ऑस्ट्रेलियन ओपनची अंतिम फेरी खेळली, महिला टेनिसमधली वर्षाखेरची मोठी स्पर्धा, डब्ल्यूटीए फायनल्स, जिंकली. तिच्या जिद्दीबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आणि ते खरंच आहे, पण जिद्दीनं भूमिती बदलत नाही. वहीतली ती ८० सेंटिमीटरची उधारी तिनं फेडली कशी, हे मला त्या जिद्दीइतकंच विलक्षण वाटतं.

(तिच्या आडनावाबद्दल थोडं. स्लोव्हाक लोक त्याची सुरुवात 'त्स' अशी करतात. इंग्रजी समालोचकांची त्यावर जीभ अडखळते, आपली अडखळायचं कारण नाही. 'चमचा' म्हणताना जो च आपण दातांमागे जीभ टेकवून काढतो, जवळजवळ तोच हा आवाज.)

पहिली मदत गुरुत्वाकर्षणाची. चेंडू सरळ रेषेत जात नाही, वाटेत खाली वाकतो. सर्व्हिसचा सरासरी वेग ताशी १४४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ४० मीटर धरू. बेसलाइनपासून पलीकडच्या रेघेपर्यंत जायला चेंडूला अर्ध्या सेकंदाहून थोडा कमी वेळ लागतो आणि तेवढ्यात गुरुत्वाकर्षण त्याला सुमारे एक मीटर खाली ओढतं. त्यामुळे २.४२ मीटरवरूनही वाट निघते. हवेचा अडथळा आणि चेंडूची फिरकी बाजूला ठेवून हिशेब केला, तर रेघेवर पडणारा चेंडू जाळ्यावरून जास्तीत जास्त १७ सेंटिमीटर उंचीनं जाऊ शकतो. चेंडूचा व्यास साडेसहा सेंटिमीटर. म्हणजे जाळ्यावर जेमतेम अडीच चेंडू मावतील एवढी उभी फट.

आता तीच सर्व्हिस १.८६ मीटर उंचीच्या कॅरोलिना प्लिश्कोवाला मारू द्या. ही चेक खेळाडू आणि त्सिबुलकोवा एकाच काळातल्या. प्लिश्कोवाचा चेंडू २.७९ मीटरवरून निघतो आणि फट होते जवळपास ३० सेंटिमीटर. कोनाच्या भाषेत सांगायचं तर रॅकेटवरून निघताना प्लिश्कोवाच्या चेंडूला सुमारे १.४ अंशांची मुभा आहे, त्सिबुलकोवाच्या चेंडूला ०.८ अंशाची. उंचीत फरक पंधरा टक्क्यांचा आणि खिडकीत जवळजवळ दुपटीचा!

ही खिडकी फारच मोठी झाली की काय होतं, ते पुणेकरांनी बालेवाडीत पाहिलं आहे. जानेवारी २०१९ मध्ये महाराष्ट्र ओपनच्या अंतिम सामन्यात २.०३ मीटरचा केव्हिन अँडरसन आणि २.११ मीटरचा इव्हो कार्लोविच समोरासमोर होते. कार्लोविचचा चेंडू तीन मीटरहूनही वरून निघत असणार. तिन्ही सेट ६-६ अशा बरोबरीत अडकून टायब्रेकवर, म्हणजे निर्णायक गेमवर गेले. शेवटी अँडरसन जिंकला, पण समोरच्याची सर्व्हिस मोडणं, म्हणजे तो सर्व्हिस करत असताना गेम जिंकणं, किती अवघड होतं हे त्या तीन टायब्रेकमध्येच दिसतं.

बुटक्या खेळाडूला खिडकी रुंद करायचे दोन मार्ग. एक, चेंडूला वरून पुढे फिरकी द्यायची. असा फिरणारा चेंडू भोवतालची हवा वर ढकलतो आणि स्वतः गुरुत्वाकर्षणापेक्षा जोरात खाली वाकतो. दुसरा मार्ग, वेग कमी करायचा. मघाचाच हिशेब ताशी १२० किलोमीटरला केला तर त्सिबुलकोवाची फट १७ वरून २७ सेंटिमीटरवर जाते, म्हणजे जवळजवळ प्लिश्कोवाएवढी. पण याची किंमत चुकवावी लागते. सावकाश आलेली सर्व्हिस समोरची खेळाडू आरामात पाय रोवून फटकावते. सर्व्हिस हे त्सिबुलकोवाचं अस्त्र कधीच नव्हतं. ती सर्व्हिसनं फक्त रॅली, म्हणजे फटक्यांची देवाणघेवाण, सुरू करायची आणि मग पायांनी कामाला लागायची.

तिच्या खेळाचा खरा चमत्कार मला तिथं दिसतो. तिची सर्व्हिस परतवणं बघा. समोरून येणारी वेगवान सर्व्हिस तिच्यापर्यंत पोचायला अर्धा सेकंद. त्यातला सुमारे पाव सेकंद डोळ्यांनी पाहून मेंदूनं हुकूम सोडण्यात जातो. उरलेल्या पाव सेकंदात पाऊल टाकायचं, खांदे वळवायचे, रॅकेट आणायची. म्हणून समोरच्याची रॅकेट चेंडूला लागण्याच्या सुमारास खेळाडू एक लहानशी उडी मारतो, तिला स्प्लिट स्टेप म्हणतात. खाली येईपर्यंत चेंडू डावीकडे की उजवीकडे हे कळलेलं असतं आणि जमिनीला टेकताना पोटऱ्यांचे स्नायूबंध स्प्रिंगसारखे ताणलेले असतात. त्या ताणातली ऊर्जा पहिल्या पावलात परत मिळते. उभ्या जागेवरून निघण्यापेक्षा असं निघणं कितीतरी चपळ.

इथं लहान शरीर कामी येतं. गॅलिलिओनं सतराव्या शतकात मांडलेली गोष्ट आहे: कुठलाही आकार सर्व बाजूंनी सारख्या प्रमाणात वाढवला तर वजन लांबीच्या घनानं वाढतं, ताकद मात्र फक्त वर्गानं, कारण स्नायूचं बळ त्याच्या जाडीवर, म्हणजे आडव्या छेदावर ठरतं. १.६१ मीटरचं शरीर तसंच्या तसं १.८६ मीटरचं केलं, तर वजन ५४ टक्के वाढेल आणि ताकद ३३ टक्के. खरी माणसं साच्यातून काढल्यासारखी वाढत नाहीत, उंच खेळाडू बहुधा सडपातळ असतात, त्यामुळे प्रत्यक्षातला फरक याहून बराच कमी. पण दिशा हीच. धावता धावता थांबणं, वळणं, उलट्या बाजूला सुटणं यात आखूड पायांना आणि जमिनीजवळच्या वजनाला फायदा मिळतो.

तो फायदा त्सिबुलकोवानं मागे राहून चेंडू परतवत बसण्यात घालवला नाही, हे तिचं मोठेपण. उसळी घेऊन खांद्याच्या वर जाणारा चेंडू बुटक्या खेळाडूला नकोसा असतो, तिथं हातात जोरच उरत नाही. म्हणून ती बेसलाइनच्या आत घुसून चेंडू वर चढत असतानाच गाठायची. यात वेळ किती वाचतो बघा. टप्पा पडल्यानंतर चेंडू सेकंदाला १५ मीटर वेगानं येतोय असं धरू. तो दोन मीटर पुढे गाठला तर ०.१३ सेकंद वाचला. तिचा फटका सेकंदाला २८ मीटरचा धरला, तर परतीच्या वाटेतले दोन मीटर कमी झाल्यानं आणखी ०.०७ सेकंद. मिळून ०.२ सेकंद, म्हणजे समोरचीच्या डोळ्यापासून पायापर्यंत हुकूम जायला लागणारा जवळजवळ सगळा वेळ तिनं खिशात घातला.

आणि तो फोरहँड! दोन्ही पायांनी जमीन सोडून, कमरेतून गिरकी घेत मारलेला. फटक्याचा जोर हातात तयार होत नाही. पाय जमिनीला ढकलतात, जमीन तेवढ्याच बळानं उलट ढकलते, ते बळ मांड्या, कंबर, धड, खांदा, मनगट असं वर चढत जातं आणि प्रत्येक टप्प्यावर वेग वाढतो. आसूड फिरवताना मुठीची हालचाल छोटी आणि टोकाची मोठी असते, तसंच. लांब हात नसलेल्या खेळाडूला हा आसूड पायांपासूनच फिरवावा लागतो. मोक्याच्या गुणावर मूठ आवळून ती ओरडायची, "पोमे!" स्लोव्हाक बोलीत 'चला!'

जानेवारी २०१४ मध्ये मेलबर्नला हे सगळं जमून आलं. चौथ्या फेरीत १.८८ मीटरच्या मारिया शारापोवाला तिनं पहिला सेट गमावून ३-६, ६-४, ६-१ असं हरवलं. मग सिमोना हालेपला ६-३, ६-०. उपांत्य फेरीत आग्निएश्का राद्वान्स्काला ६-१, ६-२. अंतिम सामन्यात ली ना हिच्याशी पहिला सेट टायब्रेकपर्यंत टिकला, दुसरा ६-० असा गेला. पण ग्रँड स्लॅमच्या एकेरीची अंतिम फेरी गाठणारी स्लोव्हाकियाची ती पहिली महिला ठरली. अवघ्या वर्षभरापूर्वी सिडनीच्या अंतिम सामन्यात याच राद्वान्स्कानं तिला ६-०, ६-० असं धुतलं होतं. चढता चेंडू गाठणाऱ्यांच्या नशिबी हे येतंच. दोन-तीन शतांश सेकंद इकडेतिकडे झाले की तोच फटका दोन फूट बाहेर जातो, आणि त्या दिवशी हाताशी दुसरा बेत नसतो. बिनभरवशाची म्हणून तिच्यावर टीका व्हायची तेव्हा मला ती अन्यायाची वाटायची. दुसरा, सुरक्षित खेळ तिच्या उंचीला उपलब्धच नव्हता.

या सगळ्याचा भार कुठं पडतो? टाचेच्या वर, अकिलिस स्नायूबंधावर. पोटरी आणि टाच जोडणारा हा शरीरातला सर्वांत जाड स्नायूबंध. धावताना, उडी मारताना त्याच्यावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट ताण येतो. मघाची ती स्प्रिंग मुख्यतः हीच. स्नायूला भरपूर रक्त मिळतं, स्नायूबंधाला फार थोडं. म्हणून स्नायूची दुखापत काही आठवड्यांत भरून येते आणि स्नायूबंधाची महिनोन्‌महिने रेंगाळते. तंतूंना बारीक इजा होत राहतात, दुरुस्ती मागे पडते आणि एक दिवस पाय टेकवेनासा होतो. २०१५ च्या सुरुवातीला त्सिबुलकोवावर अकिलिसची शस्त्रक्रिया झाली. त्या वर्षीचं फ्रेंच ओपन तिला खेळता आलं नाही, क्रमवारीत ती पहिल्या पन्नासांच्याही बाहेर फेकली गेली. सर्व्हिसवर जगणारा खेळाडू टाचेच्या दुखण्यातून उठला तर निदान सर्व्हिस तरी शाबूत असते. हिचं सगळं भांडवलच पायात.

२०१६ मध्ये ती परत आली. जूनमध्ये ईस्टबर्नला गवतावर अंतिम फेरी होती आणि समोर होती तीच प्लिश्कोवा. गवतावर चेंडू खाली राहतो, घसरून वेगानं पुढे येतो आणि मोठ्या सर्व्हिसला आणखी धार चढते. ०.८ अंशाची खिडकी १.४ अंशांच्या खिडकीसमोर, तीही अशा मैदानावर. त्सिबुलकोवा ७-५, ६-३ अशी जिंकली. गवतावर खाली राहणारा चेंडू उंच खेळाडूला गुडघे मोडून शोधावा लागतो, हिला तो कमरेजवळच मिळतो. वहीतल्या भूमितीची ही दुसरी बाजू.

लगेच विम्बल्डन. तिचं लग्न ठरलं होतं ९ जुलैला, नेमका महिलांच्या अंतिम सामन्याचा दिवस. चौथ्या फेरीत राद्वान्स्काशी ६-३, ५-७, ९-७ अशी झुंज जिंकल्यावर लग्न पुढे ढकलायची वेळ येते की काय, असं झालं. उपांत्यपूर्व फेरीत ती हरली आणि लग्न ठरल्या दिवशी ब्रातिस्लाव्हात लागलं.

ऑक्टोबरमध्ये लिंझची स्पर्धा जिंकून तिनं वर्षातल्या सर्वोत्तम आठजणींच्या स्पर्धेत, म्हणजे सिंगापूरच्या डब्ल्यूटीए फायनल्समध्ये, जागा मिळवली. गटातले पहिले दोन्ही सामने ती हरली. तिसऱ्यात हालेपला सरळ सेटमध्ये हरवलं आणि गटातल्या इतर दोघींच्या सामन्याचा निकालही तिच्या पथ्यावर पडला म्हणून ती उपांत्य फेरीत गेली. तिथं स्वेतलाना कुझनेत्सोवाविरुद्ध पहिला सेट १-६ असा गमावून जिंकली. तिसाव्या वर्षी, २०१९ मध्ये, ती निवृत्त झाली तेव्हा तिच्या नावावर एकेरीची आठ विजेतेपदं होती. त्यातलं सर्वांत मोठं हे सिंगापूरचं.

३० ऑक्टोबर २०१६. समोर अँजेलिक केर्बर, जगातली पहिल्या क्रमांकाची, त्याच वर्षी ऑस्ट्रेलियन आणि यूएस ओपन जिंकलेली. पहिला सेट ६-३ असा त्सिबुलकोवाचा. दुसऱ्यात ५-४ अशी आघाडी, सर्व्हिस त्सिबुलकोवाची. एका गुणात सामना जिंकायच्या संधी, म्हणजे मॅच पॉइंट, तीनदा हातातून गेल्या. चौथ्यावर तिनं मारलेला चेंडू जाळ्याच्या वरच्या पांढऱ्या पट्टीवर आदळला, जरासा वर उडाला आणि पलीकडे केर्बरच्या बाजूला पडला.

ती जागच्या जागी पाठीवर आडवी झाली.