संगणकाने वय सांगायचं, पण लिनक्सने कसं?

‘कॅलिफोर्नियात लिनक्सवर बंदी’ हा फॉरवर्ड इंदुरातल्या मराठी गटांतही फिरतोय. लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच, पण खुल्या कोडची ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे संगणक चालवणारी मूळ प्रणाली. बंदी कुठेच नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथे ‘एबी १०४३’ या कायद्यावर सही झाली आणि १ जानेवारी २०२७ पासून तो लागू होणार आहे. खातं उघडताना ऑपरेटिंग सिस्टिमने वय विचारायचं आणि ॲपला फक्त वयोगट कळवायचा: १३ च्या आत, १३ ते १५, १६-१७ किंवा १८ च्या पुढे. ओळखपत्राची सक्ती नाही, पालक सांगतील ते वय.

विंडोज किंवा आयफोनमागे कंपनी आहे. डेबियन ही लिनक्सची आवृत्ती मात्र १९९३ पासून स्वयंसेवक चालवतात. कायद्याच्या लेखी सिस्टिम विकसित करणारा, तिचा परवाना देणारा किंवा तिच्यावर नियंत्रण ठेवणारा तो ‘पुरवठादार’. मग रामबागेतल्या एखाद्या विद्यार्थ्याने उबुंटू या दुसऱ्या लिनक्स आवृत्तीत फेरफार करून स्वतःची आवृत्ती नेटवर ठेवली, तर तो कोण? दंड निष्काळजीपणासाठी प्रत्येक बाधित मुलामागे २,५०० डॉलरपर्यंत आणि हेतुपुरस्सर उल्लंघनासाठी ७,५०० पर्यंत आहे.

मला खरी काळजी पुढच्या पायरीची वाटते. लिनक्सचा कोड खुला आहे, त्यामुळे वयाचं उत्तर देणारा भाग बदलून तो पुन्हा कंपाइल करता येतो, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम नव्याने बनवता येतो. उद्या कुणी ‘उत्तर खरंच हवं’ असा आग्रह धरला, तर हाताशी एकच तंत्र उरतं: संगणकावर नेमका कोणता कोड सुरू झाला, याची साक्ष चिपने द्यायची. ते आहे मात्र फार देखणं.

मदरबोर्डवर टीपीएम नावाची चिप असते. तिच्यातल्या पीसीआर या कप्प्यात थेट काही लिहिता येत नाही, फक्त भर घालता येते. संगणक सुरू होताना कप्प्यात शून्य असतं. फर्मवेअर (मदरबोर्डवरचा, सर्वात आधी चालणारा प्रोग्राम) बूटलोडरचा, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा, हॅश काढतं; हॅश म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेला, ठशासारखा आकडा. चिप कप्प्यातला जुना आकडा आणि हा हॅश जोडून त्या जोडीचा पुन्हा हॅश काढते, आणि तोच कप्प्याचा नवा आकडा. मग बूटलोडर कर्नलचं, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचं, तसंच करतो. हॅश काढायला एसएचए-२५६ ही पद्धत वापरली तर शेवटी २५६ बिटांचा आकडा उरतो. कर्नलमधला एक बिट बदलला तरी तो पार निराळा येतो, आणि मागे जाऊन दुरुस्त करता येत नाही. चिप त्यावर आपल्या गुप्त किल्लीने सही करते आणि दूरचा सर्व्हर तो आकडा आपल्याकडच्या मान्य आकड्यांच्या यादीशी ताडून पाहतो.

डिस्कचं कुलूप सांभाळायला हे तंत्र उत्तम आहे. पण वयाच्या पुराव्यासाठी ते सक्तीचं झालं, तर यादीत फक्त मोठ्या कंपन्यांचे आकडे असतील. तुम्ही स्वतः कंपाइल केलेला कर्नल निर्दोष असला तरी अनोळखी ठरेल. लिनक्सच्या जीपीएल या खुल्या परवान्याने दिलेला बदल करण्याचा हक्क कागदावर राहील, बदललेली प्रणाली मात्र असा पुरावा मागणाऱ्या ठिकाणी चालणार नाही.

कायदा पालकांच्या शब्दावर थांबतो, तिथेच त्याने थांबावं. जेलरोडवरून आणलेल्या जुन्या लॅपटॉपवरही मुलाला सुडोचे, म्हणजे सिस्टिममध्ये बदल करण्याचे, अधिकार नसलेलं खातं देता येतं. वयाची नोंद रूटच्या (सर्वाधिकार असलेल्या मुख्य खात्याच्या) मालकीच्या फाइलमध्ये ठेवली, तर त्या खात्यातून ती बदलत नाही. पेनड्राइव्हवरून दुसरी सिस्टिम सुरू करण्याची पळवाट उरते, म्हणून बायोसलाही (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगलाही) पासवर्ड घालावा आणि डिस्क एन्क्रिप्ट करावी, म्हणजे तिच्यावरची माहिती किल्लीशिवाय वाचता येणार नाही.